नांदेडची बटणं

लातुरात चांगली बटणं मिळत नाहीत, असं मानणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका टेलर आहे.

एक सोडून एक गुरुवारी सत्तारभाईंच्या दुकानाच्या शटरला पाटी लटकते. कापडावर खुणा करायच्या खडूनं तिच्यावर लिहिलेलं असतं, 'बटणं आणायला नांदेडला गेलो. शुक्रवारी भेटू.' दुकानापासून पन्नास पावलांवर बटणांचं ठोक दुकान आहे. त्या दुकानदारानं सुरुवातीला ही पाटी मनाला लावून घेतली होती, पुढे त्यानं नाद सोडला. शेजारचा चहावाला मात्र गिऱ्हाइकांना अजून सांगतो, "सोन्याची असत्याल हो. उगं कोण तीन-साडेतीन तास एसटीत आदळत जाईल?" शुक्रवारी सत्तारभाई खरोखरच बटणं दाखवतात. एक पुठ्ठा, त्यावर बारा पांढरी बटणं. आपल्या सदऱ्याला असतात तसलीच.

सत्तारभाई साठी ओलांडलेले, उंच, पांढऱ्या दाढीचे. चष्मा दोरीनं बांधलेला आणि गळ्यात पिवळा टेप. हा टेप फक्त नमाजाच्या वेळी खिशात जातो, एरवी गळ्यातच असतो. गोलाईच्या साऱ्या बाजारपेठेला मापात बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा कुडता मात्र एवढा ढगळ, की आत आणखी एक सत्तारभाई आरामात मावतील. दिव्याखाली अंधार म्हणायचं आणि आपला शर्ट ताब्यात घेऊन निघायचं, अशी आमची रीत.

त्यांचं माप घेणं म्हणजे तपासणीच. दुसरे टेलर जुन्या मापावर शिवतात. सत्तारभाईंना ते चालत नाही. रुमालाएवढं काम असलं तरी ते माणसाला आरशासमोर उभं करणार, टेप लावणार आणि म्हणणार, "हं, सोडा." काय सोडायचं, तर श्वास. टेप दिसला की माणूस पोट आत ओढतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. एकदा एक नामांकित वकील पोट ओढून उभे राहिले, तर सत्तारभाई म्हणाले, "वकीलसाहेब, ते कोर्टात करा. इथं खरं बोला." एका बँक मॅनेजरच्या उजव्या खांद्याला हात लावून त्यांनी विचारलं होतं, "कुणाचं वझं उचलून राहिले तुम्ही?" मॅनेजर खुर्चीवर बसले आणि अर्धा तास बसूनच राहिले. मापाच्या वहीत आकड्यांच्या पुढे सत्तारभाईंचे शेरे असतात, 'खांदा उतरलेला', 'श्वास अर्धा', 'हसला, बरं वाटलं.'

आणि प्रत्येक शिवणीच्या आत ते दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतात. कुणी तक्रार केली की म्हणतात, "माणूस हाय. कमी-जास्त होत राहतो. गुंजाइश ठेवा." हे त्यांचं पालुपद. फाटलेल्या खिशापासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत ते कुठंही चालतं.

आता माझ्याकडे येतो. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लातूर हे क्लासेसचं गाव, त्यामुळे इथं काचेच्या नळ्या धुणाऱ्यालाही सर म्हणतात. हदगावला माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. माझी बायको सुनंदा हिनं शर्ट-पँटचं कापड आणलं आणि मी ते घेऊन सत्तारभाईंकडे गेलो. त्यांनी टेप लावला. पुन्हा लावला. वहीतलं मागच्या वर्षीचं पान काढलं. कंबर अडतीसवरून चौतीसवर आली होती. त्यांनी कापडाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे तुमचं माप न्हाई, सर."

"मग कुणाचं आहे?"

"कुणी पाव्हणा येऊन राहिलाय तुमच्यात. पाव्हण्याच्या मापानं मी कापड कापत न्हाई. पंधरा दिवसांनी या."

मी चिडलो. पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा कंबर आणखी अर्धा इंच उतरली होती. कापड परत. घरी येऊन मी सुनंदाला म्हणालो, या माणसाला शिवायचंच नसेल तर बाजारात काय टेलरांचा दुष्काळ पडलाय? पण दुसऱ्याकडे गेलो नाही. खरं सांगायचं तर कुठंच जावंसं वाटत नव्हतं.

कारण पाव्हणा खरोखरच आला होता. झोप उडाली होती. लागली तरी पहाटेच मोडायची, आणि मग छातीवर धोंडा ठेवल्यासारखं पडून राहायचं. जेवणाला चव नव्हती. प्रयोगशाळेत एक परीक्षानळी फुटली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नळी म्हणजे काही वडिलोपार्जित ठेवा नव्हे. घरी पोचलो तरी स्कूटरवरून उतरावंसं वाटायचं नाही. कारण विचाराल तर काहीच नव्हतं. घरात भांडण नाही, कुणी आजारी नाही, नोकरी शाबूत. सगळं धड असताना आपण असे का, याची लाज वेगळीच. मेव्हण्यानं अश्वगंधा आणून दिली. साडूनं पहाटे फिरायला सांगितलं. शेजारणीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. रक्त तपासलं, थायरॉइड झालं, ईसीजी झाला. सगळं नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल आले की आमच्याकडे माणूसही नॉर्मल धरतात.

तिसऱ्या वेळी गेलो, तेव्हा सत्तारभाईंनी टेप लावलाच नाही. शटर निम्मं खाली ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला.

"झोप?"

"नाही."

"जेवण?"

"नाही जात."

"कामात मन?"

मी मान हलवली.

"किती दिवस?"

"अडीच महिने तरी झाले."

ते सुईत दोरा ओवू लागले. माझ्याकडे न बघता, बटण कुठलं लावू असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जीव नक्को झाला, असं वाटतं का?"

हे मला कुणीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी नाही, मी स्वतःलाही नाही. मी म्हणालो, "सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं कधी कधी." म्हणालो आणि रडायला लागलो. सत्तारभाईंनी 'असं बोलू नये' म्हटलं नाही, 'पोराबाळांकडं बघा' म्हटलं नाही. फक्त म्हणाले, "बरं झालं, बोललात. आता एकट्यानं ठिवू नका. घरी जाऊन आधी वहिनींना सांगा, आजच."

मग त्यांनी मला त्यांचा कायदा सांगितला. "हे बघा सर, शिवण एखाद्या वेळी उसवतीच. घरी सुईदोरा घ्या, भागतं. टेन्शन, रडू, राग, कुणाला न्हाई? पण रोज तिथंच उसवायली, पंधरा दिवस झाले तरी थांबंना, झोप, जेवण, काम सगळीकडंच ताणायलं, तर घरच्या सुईचं काम न्हाई ते. जाणकार माणूस गाठायचा. आन जीव नक्को वाटला, तर पंधरा दिवसबी थांबायचं न्हाई. मी तुम्हाला दोनदा परत लावलं, ही माझी चूक. पहिल्याच दिवशी विचारायला पायजे होतं."

"म्हणजे मानसोपचार? मी काय वेडा आहे का?"

"दाताच्या डॉक्टरकडं काय बोळकेच जातात?"

मी म्हणालो, लातुरात त्या दवाखान्याची पायरी चढलो, तर दुपारपर्यंत गोलाईभर होईल. यावर सत्तारभाईंनी दातानं दोरा तोडला. मग म्हणाले, "नांदेडला एक मॅडम हायत म्हणं. मानसशास्त्राच्या. मी आपलं ऐकलंय." नुसतं ऐकलेल्या त्या मॅडमचा पत्ता त्यांनी मापाच्या कागदावर लिहून दिला. जिना अरुंद आहे, चौदा पायऱ्या आहेत, आठवी फुटकी आहे, बसायला पंख्याखालची खुर्ची धरा, हेही सांगितलं. "फक्त गुरुवारी जाऊ नक्को. गुरुवारी लई गर्दी असती." माझी अवस्था संशय घेण्याची नव्हती.

त्या संध्याकाळी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तिनंच नांदेडला फोन लावला. लवकरात लवकर वेळ मिळाली ती गुरुवारची.

आम्ही दोघं गेलो. आठवी पायरी फुटकी होती. वर खोलीत सात-आठ माणसं होती, आणि बहुतेकांनी तोंडाला रुमाल नाहीतर ओढणी बांधलेली. बाहेर धुळीचं वादळ सुटल्यागत सगळे बसले होते. मीही रुमाल वर ओढला. पंख्याखालच्या खुर्चीवर मात्र आधीच एक गृहस्थ पेपर उघडून बसले होते. सुनंदानं मला कोपर मारलं. "अहो, तो टेप बघा."

पेपरच्या खालून पिवळा टेप लोंबत होता.

मी जवळ गेलो आणि म्हणालो, "सत्तारभाई, इथं बटणं मिळतात का?"

पेपर हळूहळू खाली आला. "खाली. जिन्याजवळच्या दुकानात," ते म्हणाले. आणि मग फार दुःखानं, "सर, मी गुरुवारी नक्को म्हणलो होतो."

अडीच महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो, तो त्या खोलीत. सुनंदा हसली, सत्तारभाई हसले, आणि समोरच्या एका बाईंनी कारण माहीत नसताना ओढणीआडून हसून घेतलं.

मॅडमनी तासभर ऐकलं. मी एवढा बोलू शकतो, हे मलाही माहीत नव्हतं. त्या गोळ्या देत नाहीत. त्यांनी मला गोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. माझ्या दुखण्याला नाव आहे आणि ते पुष्कळांना होतं, हे कळल्यावरच धोंडा थोडा हलला.

परतीच्या एसटीत सुनंदा मुद्दाम पुढच्या सीटवर जाऊन बसली. लोहा गाव मागे पडेपर्यंत सत्तारभाई खिडकीतून बाहेर बघत होते. मग आपणहून बोलायला लागले.

त्यांची बायको रुखसाना दुकानात मागच्या बाजूला बसून काज-बटणं करायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. चाळीस दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, मग सगळे आपापल्या गावी गेले. "मी दुकान उघडलं. काम करून राहिलो. लोक म्हणले, सत्तारभाई लई घट माणूस. आन मी काय शिवून राहिलो होतो, ठावं हाय? तिचा ड्रेस. ईदला तिला एक कपडा शिवायचा ठरला होता. शिवला. मग दुसरा शिवला, त्याच मापाचा. मग तिसरा. सर, ज्या मापाचा माणूसच न्हाई, त्याचं कापड मी कापत गेलो, आन माझी कैची कुणी धरली न्हाई. नांदेडला दिलेली माझी पोरगी आली, तिनं ते तीन ड्रेस बघितले आन मला इकडं घेऊन आली."

मला माझं दोनदा परत आलेलं कापड आठवलं. मी विचारलं, "पण बटणंच का?"

"तिची जुनी तक्रार. लातुरात बटणं चांगली मिळत न्हाईत, नांदेडची आणा, म्हणायची. मी कधी गेलो न्हाई." त्यांनी खिशातून नवा पुठ्ठा काढून दाखवला. "आता जातोच हाय, तर आणतो. पाटीवर खोटं लिहिलेलं बरं न्हाई."

पुतण्याच्या लग्नात मी जुन्या पँटला दोन नवी भोकं पाडलेला पट्टा लावून फिरलो. पण फिरलो, जेवलो, आणि नवरीकडच्यांशी मानपानावरून थोडा वादही घातला. सुनंदा म्हणाली, तुम्ही आता नक्की बरे होणार. आणखी चार महिन्यांनी सत्तारभाईंनी मला आरशासमोर उभं केलं. छत्तीस. "थोडा पाव्हणा हाय अजून. जाईल," म्हणाले, आणि कैची उचलली. शर्टाला बटणं लावली ती नांदेडची. इतके दिवस त्यांनी ती कुणालाच लावली नव्हती.

मी त्यांचे आभार मानायचे कसे, याचा विचार करत राहिलो. मिठाई त्यांना चालत नाही, साखर आहे. भाषण केलं तर म्हणतील, हं, सोडा.

मध्यंतरी मॅडमनी त्यांना सांगितलं की आता तुम्ही उत्तम आहात, तीन महिन्यांनी एकदा आलात तरी चालेल. कुणीही खूश झालं असतं. सत्तारभाई पडेल चेहऱ्यानं मला म्हणाले, "मग गुरुवारी कुठं जाऊ?" तेव्हापासून गुरुवारी कॉलेज सुटलं की मीच दुकानात जातो. काही काम नसतं. चहा पितो, बोलतो.

मागच्या गुरुवारी मी न राहवून त्या ढगळ कुडत्याचं विचारलं. ते मशीनवरचे धागे वेचत म्हणाले, "माझं माप तीच घ्यायची. आता टेलरचं माप कोण घेतंय? जुन्या मापानंच शिवून राहिलो."

मी उठलो आणि त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. ते नको नको म्हणाले, मग आरशासमोर जाऊन उभे राहिले, ताठ, पोट आत ओढून.

"हं, सोडा," मी म्हणालो.

सत्तारभाईंनी श्वास सोडला. बराच वेळ सोडत होते. मला टेप नीट धरता येत नव्हता, तरी छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली. मापाच्या वहीत रुखसानाबाईंनी उर्दूत त्यांचं माप लिहिलेलं पान काढलं, त्यासमोरच्या कोऱ्या पानावर आकडे लिहिले, आणि खाली शेरा लिहिला, 'दोन बोटं गुंजाइश ठेवणे.'