प्लंबरचं कोपर

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी पाच ते सहा प्रौढांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा, आणि त्या तासाभरात कोणालाही 'चुकलं' म्हणायचं नाही, असं बाईंनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. शाळेतली तीस वर्षं त्यांनी याच एका शब्दावर काढली होती. पण निवृत्तीनंतर हा वर्ग काढला तेव्हा सूनबाईंनी निक्षून सांगितलं, "आई, ही मोठी माणसं आहेत. पोटापाण्याचं सांभाळून येतात. एकदा खेकसलात, की दुसऱ्या दिवशी भिंतींना शिकवत बसाल."

बाईंनी ते मनावर घेतलं. अंमळ जास्तच. कोणी 'आय इज' म्हणालं, की चेहरा कसाबसा हसरा ठेवून त्या म्हणायच्या, "व्हेरी गुड! पुढे?" वर्गाचे नियम दोनच. तासभर इंग्रजीच बोलायचं, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही.

त्या दिवशी विषय होता 'माझं काम'. शिवणकाम करणाऱ्या मावशी ठसक्यात उठल्या. "फर्स्ट आय मेजर द लेडी. देन आय कट." टाळ्या पडल्या. निवृत्त पोस्टमनकाकांनी तीस वर्षांची नोकरी तीन वाक्यांत आटोपली. "डॉग रन. आय रन. लेटर फॉल." पुन्हा टाळ्या.

मग प्लंबरदादांची पाळी आली. माणूस दारात मावणार नाही एवढा, पण दोन महिन्यांत 'येस मॅडम'पलीकडे गाडी सरकली नव्हती. नव्या इमारतींतली गिऱ्हाइकं इंग्रजीत तक्रारी करायची, आणि हे बिचारे मान डोलवून भलताच नळ उघडून यायचे. ते उठले, घसा खाकरला, आणि त्यांची नजर बाईंच्या पाठीमागे कोपऱ्यातल्या बेसिनखाली गेली.

"वॉटर," ते म्हणाले.

"लव्हली! फुल सेंटेन्स."

"वॉटर इज कमिंग, मॅडम."

बाईंना भरून आलं. दोन महिन्यांनी पहिलं वाक्य, तेही क्रियापदासकट! "व्हेरी गुड! देन?"

"मॅडम, एल्बो इज गोइंग!"

एल्बो म्हणजे पाइपचा काटकोनात वळलेला तुकडा, हे त्या खोलीत प्लंबरदादांखेरीज कोणाला ठाऊक असणार? बाईंना एल्बो म्हणजे कोपर तेवढं माहीत. त्यांचा चेहरा कळवळला. "अरेरे! युवर एल्बो?"

"नो मॅडम! वॉल एल्बो!"

"वॉल हिट युवर एल्बो? व्हेन?"

"नाऊ, मॅडम! नाऊ!"

"नाऊ नाही, यस्टरडे," असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. एवढ्यात बेसिनखालून निघालेला ओघळ पहिल्या रांगेपर्यंत पोचला. मावशींनी चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि हात वर केला. "मॅडम..."

"वन मिनिट. लेट हिम फिनिश." मावशींनी हात खाली घेतला. नियम म्हणजे नियम. पोस्टमनकाकांनी गुपचूप पाय बाकावर घेतले. प्लंबरदादा मात्र घामाघूम झाले होते. डोळ्यांसमोर पाइप फुगतोय, आणि जिभेवर शब्द येईना! "मॅडम... पाइप... व्हेरी अँग्री!"

"टेक युवर टाइम," बाई प्रेमाने म्हणाल्या. "नो हरी."

पाइपला मात्र घाई होती. फाट्‌कन आवाज झाला आणि पाण्याचा फवारा थेट बाईंच्या पाठीत बसला.

"अगं आई गं! मेले!"

"ओन्ली इंग्लिश, मॅडम," पोस्टमनकाका हळूच म्हणाले.

प्लंबरदादांनी दोन बाकं ओलांडली, गॅलरी गाठली आणि मुख्य व्हॉल्व्ह पिळून बंद केला. तोवर घोटाभर पाणी साचलं होतं, नि जिन्यात पावलं धाडधाड वाजत होती. वाचनालयाचे सेक्रेटरी वर आले ते डोक्यापासून निथळत. हातात वर्तमानपत्राचा लगदा.

"बाई, हा वर्ग आहे की धरण? खाली वाचकांना छत्र्या द्यायच्या का मी? बास झालं! उद्यापासून वर्ग बंद!"

चिंब पदर पिळत बाई नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची ती अवस्था पाहिली आणि प्लंबरदादांच्या आत काहीतरी सटकलं. ते सेक्रेटरींपुढे जाऊन उभे ठाकले.

"नो, सर! मॅडम गुड! क्लास गुड! पाइप बॅड! धिस एल्बो चीप! नो टेप, नो सोल्यूशन, नथिंग! हू फिट धिस पाइप? ही इज नॉट प्लंबर, सर! ही इज डाँकी! बिग डाँकी! ब्रिंग हिम हिअर! आय टीच हिम!"

बाई बोटांवर वाक्यं मोजत होत्या. दहाच्या पुढे गेल्यावर त्यांनी नाद सोडला आणि ओल्या पदराने डोळे पुसले. मावशींनी शिट्टी मारली. सेक्रेटरींचासुद्धा आवाज खाली आला.

"म्हणजे वर्गाची काही चूक नाही?"

"नो सर! ओन्ली डाँकी!"

"मग बंद कशाला करायचा? चालू द्या," असं म्हणून सेक्रेटरींनी चष्म्यावरचं पाणी पुसलं, तो डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच प्लंबरदादांकडे नीट निरखून पाहिलं. "पण काय हो, मागच्या उन्हाळ्यात हे बेसिन बसवायला तुम्हीच आला होतात ना?"

प्लंबरदादांनी बेसिनकडे पाहिलं. एल्बोकडे पाहिलं. मग बराच वेळ स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"घाबरू नका," बाई मायेने म्हणाल्या. "फुल सेंटेन्स."

प्लंबरदादांनी मान वर केली.

"एक्सक्यूज मी, मॅडम," ते म्हणाले. "मे आय प्लीज गो होम नाऊ?"

वाक्य अगदी निर्दोष होतं, आणि बाईंनी तसं सगळ्या वर्गाला सांगितलंही. पण सेक्रेटरी दारातच उभे होते, आणि ते काही बाजूला सरकले नाहीत.