दादांच्या पथ्याचं मटण

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि पथ्यातलं आपल्याला डॉक्टरइतकंच कळतं असा माझा पक्का समज होता. ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, एकोणीसशे एकेचाळीसची.

आई गेली आणि माझे वडील, आमचे दादा, ओसरीवरून उठेनासे झाले. कचेरीतली जमादारी संपलेली, बोलायला कुणी नाही. अंग सुटलं. न्हाणीपर्यंत जाऊन आले तरी लोहाराच्या भात्यासारखा श्वास चालायचा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं.

"जपा त्यांना. चरबी बंद. मटण सुटत नसेल तर मांडीचं, कोरडं द्या. आणि रोज चालायला लावा."

"ते माझ्यावर सोडा, साहेब," मी म्हणालो. पण आतून घाबरलो होतो. एका वर्षात दोघंही जाणार की काय, हे मनातून हलेना.

फकीरभाईच्या दुकानात मी सकाळीच उभा राहिलो. "सीना नको, चाप नको, छाती-बरगडीला चरबीच असते. मांडीची रान दे. आणि पांढरं दिसेल तेवढं काढ."

फकीरभाईनं सुरी थांबवली. "गोपाळराव, एवढं काढलं तर बोकडाला बी ओळखू येनार न्हाई."

मी ऐकलं नाही. बायकोला, वासंतीला, तेलही थेंबभरच टाकायला लावलं. आमच्या रश्श्याचा वास त्यांना लागू नये म्हणून दादांचं ताट आधी मांडायचो, ओसरीवर, एकट्याचं. त्यांचा पहिला तुकडा चावून होईपर्यंत माझी आंघोळ उरकायची.

"कसं लागून राहिलं, दादा?"

"औषधासारखं," ते म्हणाले. मला ती तारीफच वाटली.

पंधरा दिवसांनी दादा आपणहून फिरायला निघाले, आधी वेशीपर्यंत, मग रोज थोडं लांब. दुपारचे जायचे, दिवे लागायच्या आत परत. तीन महिन्यांत बंडी सैल झाली, श्वास शांत झाला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि माझंच पथ्य कचेरीतल्या पेशकारांना सांगितलं. ते आठवड्यात जबडा धरून दवाखान्यात आले. मी त्यांना धीर धरायला सांगितलं.

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा हिरासिंग खोकल्याचं औषध न्यायला आला. बाटली घेताना म्हणाला, "दादाला सांगा, आज बोकड हाय. सीन्याचं त्यायच्यासाठी राखून ठिवलंय."

"कोणते दादा?"

"तुमचे. दर बाजाराला येतेत की. बाकी दिवशी नुसतं बसाय येतेत."

तांडा दीड कोसावर, टेकडीच्या पलीकडे. दादा घरून केव्हाच निघाले असणार; मी दवाखाना उघडा टाकून निघालो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो.

चुलीपाशी पाच-सहा माणसं जेवत बसली होती. मधे दादा. हिरासिंगची बायको पेमा वाढत होती. दादा कचेरीतला कसलासा किस्सा सांगत होते आणि हसत होते. आई गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

मला पाहून त्यांचा हात ताटातच राहिला.

"दादा, हे काहून?"

"घरी तू माझ्या जिवासाठी करतूस, बराबर हाय. पन तितं ताटावर मी एकलाच असतो, गोपाळ."

पेमानं न विचारता माझ्यापुढं ताट ठेवलं. मी बसलो. सीन्याचे दोन तुकडे खाल्ले. तिसरा मागून घेतला.

परत येताना टेकडीवर दादा पुढं, मी मागं. अर्ध्या चढावर माझ्या छातीत कळ आली आणि मी दगडाला टेकलो. दादा चार पावलं मागं आले. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"बस जरा," ते म्हणाले. "मला घाई न्हाई."