कपाटाच्या आतलं इंग्रजी

दुसऱ्या दिवशी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. इनर, इंटीरियर, इंटर्नल, मिडल आणि सेंटर हे शब्द वापरून वर्गासमोर वाक्यं बोलायची. शब्द मला येत होते. वर्गासमोर बोलणं येत नव्हतं. (मी हजेरीसुद्धा इतक्या हळू देते, की वर्गात बसून माझी गैरहजेरी लागते.)

म्हणून मी घरभर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं ठरवलं. प्रत्येक चिठ्ठीपाशी उभं राहून मोठ्याने वाक्य म्हणायचं, म्हणजे सवय होईल. जेवणाच्या टेबलावर 'सेंटर' लावते न लावते तोच बाबा आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि मोजपट्टी आणली. साधारण मधे असेल तर मिडल, सेंटर म्हणजे नेमका मध्य, असं सांगून त्यांनी चिठ्ठी बोटभर सरकवली. आता वाक्य म्हण, म्हणाले. मी पुढची चिठ्ठी उचलून तिथून सटकले.

'इनर' घेऊन मी बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात शिरले. आतल्या भिंतीला चिठ्ठी लावली, दार ओढून घेतलं. अंधारात, कोटांच्या गर्दीत कोणी पाहत नव्हतं. वाक्यं भराभर सुटू लागली, अगदी कुजबुजत का होईना.

आमच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं. त्यामुळे जाता-येता बाहेरून कडी लावायची, हा घरचा नियम. बाबांनी तो पाळला आणि ते फिरायला गेले.

मी दार वाजवणार, एवढ्यात बाहेर इंग्रजीच्या बाईंचा आवाज आला. माझी काळजी वाटून त्या मुद्दाम घरी आल्या होत्या. घरी तरी बोलते का, असं त्यांनी विचारलं.

"बोलणं राहू द्या बाई," आई म्हणाली, "ती घरात आहे की नाही, हेच कळत नाही."

उद्या बोलली नाही तर नापासच करावं लागेल, असं बाई म्हणाल्या. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. हाक मारावी तर लाज, न मारावी तर रात्र कोटांत. शेवटी बाई निघाल्या, आईही त्यांना सोडायला चपला घालू लागली, तेव्हा माझ्या तोंडून इंग्रजीच बाहेर पडलं.

"बाई, आय अ‍ॅम इन द इंटीरियर ऑफ द कपबोर्ड."

बाहेर चपलांचा आवाज थांबला.

"इंटीरियर खोलीचं, गाडीचं," बाई दाराशी येऊन शांतपणे म्हणाल्या. "कपाटात अडकलेल्या माणसाने साधं इनसाइड म्हणावं. पुन्हा म्हण."

मी म्हटलं. मग त्यांनी बाकीचे शब्दही विचारले. मी एकामागून एक खणखणीत वाक्यं सांगितली. आईने कडीला हात लावला, तर बाईंनी तिला थांबवलं. इंटर्नल राहिलं होतं.

"छान. पण मार्क उद्याचेच धरणार," दार उघडून त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहिले. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे. पुढच्या बाकावरच्या दोघींना त्या हळूच म्हणाल्या,

"त्यातले नकाशे जरा बाहेर काढा गं."