एप्रन निघाला दुसऱ्या मजल्याला

"महिनाभरात माझा माल सातासमुद्रापार गेला नाही, तर नाव बदलून टाकीन!" टेलरमास्तरांनी भर जेवणात, हातातला घास हातातच ठेवून जाहीर केलं.

बायकोने मान वर न करता वाढलं. "समुद्राचं राहू द्या. एक वस्तू एका घरी पोचवून दाखवा. नाहीतर पहिल्या तारखेला गाळा कुरिअरवाल्यांना. ते कधीचे विचारतायत."

गाळा म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचं मास्तरांचं दुकान. एकतीस वर्षांचं. एके काळी तिथे कापडाच्या ढिगाऱ्यात मास्तर शोधावे लागत. आता लोक कपडे मोबाइलवर मागवतात आणि मास्तरांकडे येतात ते फक्त चेन बदलायला. दिवसाकाठी दोन चेनी, त्यातली एक दप्तराची. मास्तर नुसते बसून बसून थकले होते, आणि बसून आलेला थकवा झोपूनही जात नाही!

म्हणून त्यांनी डोकं लढवलं. लोक मोबाइलवर घेतात ना? मग आपण मोबाइलवर विकू! माल ठरला: सात खिशांचा एप्रन. चमच्याला खिसा, चष्म्याला खिसा, मोबाइलला खिसा...

"आणि सातव्यात काय ठेवायचं?" बायकोने विचारलं.

"ते गिऱ्हाईक बघेल!"

गाडी अडली ती नावनोंदणीलाच. विक्री कंपनीच्या अ‍ॅपने मास्तरांना कॅमेऱ्यासमोर बसवून हुकूम सोडला, 'डोळे मिचकावा.' मास्तरांनी मिचकावले. 'चेहरा आढळला नाही.' चष्मा काढला. आढळला नाही. दिव्याखाली बसले, खिडकीत उभे राहिले, तरी मास्तरांना चेहरा म्हणून काही आहे हे कंपनीला पटेना. शेवटी, "आणा इकडे!" म्हणत बायकोने मोबाइल ओढून घेतला, आणि लगेच 'अभिनंदन' आलं! म्हणजे कंपनीच्या दप्तरी दुकान मास्तरांचं आणि तोंड बायकोचं. तसं ते घरच्या रीतीला धरूनच होतं म्हणा.

मग मालाचा प्रकार निवडायचा होता. यादीत एप्रन सापडेना. वैतागून मास्तरांनी जे दाबलं, ते निघालं 'पाळीव प्राण्यांचे कपडे'. तीन दिवस दुकानात फक्त चौकशा! 'मांजर पट्टा चावेल का?' मास्तर रात्रंदिवस कष्ट केलेला माणूस. त्यांनी शांतपणे उत्तर लिहिलं, 'मांजराला विचारून कळवा.'

बाराव्या दिवशी मोबाइल किणकिणला. ऑर्डर! मास्तरांनी पत्ता उघडला. इमारत हीच. जिना हाच. दुसरा मजला. निवृत्त कॅशिअरसाहेब!

मास्तर धापा टाकत वर गेले. "अहो साहेब, गॅलरीतून हाक मारली असती तर हातात आणून दिला असता!"

"पहिल्या ऑर्डरवर सूट आहे. हाक मारल्यावर तुम्ही दिली असती?" साहेब म्हणाले. निवृत्तीनंतर ते स्वयंपाक शिकत होते, आणि त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर त्याचे पुरावे होते.

मास्तरांनी खाली येऊन बायकोला सांगितलं.

"मग या की देऊन," बायको म्हणाली. "चाळीस पायऱ्या आहेत."

"तसं चालत नाही! कंपनीच्या माणसाने दिलं तरच ती पोच धरते."

"मग मीही तीच धरणार. हाताने नेऊन दिलेलं मोजायचं नाही. तसं मीही शेजारी वाटीभर साखर देतेच."

आपणच आपल्या पायावर धोंडा मारला, हे मास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा पार्सल गाडीत चढलं होतं. ते आधी शहराबाहेरच्या गोदामात गेलं. तिथून घाटापलीकडच्या मोठ्या गोदामात. तिथे चार दिवस मुक्काम. रोज सकाळी वरून हाक यायची, "मास्तर, माझा एप्रन कुठवर आला?"

"आज घाट उतरतोय, साहेब."

"जवळ आला म्हणायचा!"

"नाही, पलीकडे उतरतोय."

बाविसाव्या दिवशी पिकल्या मिशांचा पार्सलवाला दुकानासमोर थांबला आणि नेमकं मास्तरांनाच विचारलं, "हा पत्ता कुठे आला हो?" मास्तरांनी त्याला हाताला धरून वर नेलं. नवरदेवालासुद्धा कुणी एवढ्या मायेने नेत नाही.

"साहेब, मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा," पार्सलवाला म्हणाला.

साहेबांचा पुढे आलेला हात तिथेच थांबला. "काय सांगू?"

"चार आकडे."

"चौतीस वर्षं बँकेत काढली मी! ओटीपी निघायच्या आधीपासून मी तो कुणाला सांगत नाही!"

"अहो, हा बँकेचा नाही, एप्रनचा आहे!" मास्तर कळवळले.

"सगळे भामटे असंच म्हणतात. आणि मास्तर, तुम्हीसुद्धा यांना सामील?"

"साहेब, माझं दुकान जाईल हो!"

"जाऊ दे. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. आज एप्रनचा मागतील, उद्या पेन्शनचा."

पार्सलवाला तीन दिवस आला. मास्तरांनी तिन्ही दिवस हात जोडले. तिसऱ्या दिवशी त्याने थकल्या अंगठ्याने बटण दाबलं, 'ग्राहकाने नाकारले.'

"मी कुठे नाकारलं?" साहेब ओरडले. "मी तर केव्हाचा हात पुढे करून उभा आहे!"

पार्सल पुन्हा घाटाकडे निघालं. महिना संपला आणि पहिल्या तारखेला दुकानाची पाटी उतरली. मास्तरांना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांची पाटी, आणि मागे भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिला.

बायकोने मात्र कुरिअरवाल्यांना अट घातली होती: शिलाईचं मशीन कोपऱ्यात राहील आणि पार्सलच्या खिडकीवर मास्तरच बसतील. "नुसतं बसायची तुम्हाला सवय आहेच," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून हळूच डोळे पुसले.

दोन दिवसांनी पहिलं पोतं आलं. मास्तरांनी उघडलं. सगळ्यात वर तोच एप्रन, कोपरे चेपलेला, पाठवणाऱ्याकडे परत! नियमाप्रमाणे त्यांनी पार्सलवरची काळ्या रेघांची पट्टी यंत्रासमोर धरली. यंत्रावर सूचना आली, 'घेणाऱ्याला ओटीपी विचारा.' दुसऱ्या क्षणी मास्तरांच्याच खिशात मोबाइल वाजला. मास्तरांनी चार आकडे काढले आणि 'ओटीपी...' असं मोठ्याने म्हणत स्वतःलाच सांगायला तोंड उघडलं.

"मास्तर!" वरच्या गॅलरीतून आवाज आला. "कुणालाही सांगू नका हो!"

"नाही सांगत, साहेब," म्हणत मास्तरांनी आकडे गुपचूप दाबले, आणि एप्रन घेऊन चाळीस पायऱ्या चढून देऊन आले.

खाली येतात तो खिडकीशी एक बाई उभी. "अहो पार्सलकाका, माझं आलं का?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

आता सगळा रस्ता त्यांना पार्सलकाकाच म्हणतो. नाव बदलून टाकीन म्हणाले होते ना? बदललं. अर्ज नाही, फोटो नाही, डोळे मिचकावणं नाही. त्या एका कामाला कुणी ओटीपीसुद्धा मागितला नाही!