साडेतीन नंबरची रीड

"साडेतीन नंबर! त्याखालचं काही मागवलंस तर दारातूनच परत पाठवीन," निवृत्त गृहस्थांनी मुलीला फोनवर तिसऱ्यांदा बजावलं.

"बाबा, तू शेवटचं कधी वाजवलंस?"

"एकतीस वर्षांपूर्वी. म्हणून काय झालं? माणसाच्या चपलेचा नंबर बदलतो का?"

"चष्म्याचा बदलतो," मुलगी म्हणाली, पण मागवली.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी एक पातळ, चपटी पट्टी बसवतात, ती रीड. नंबर जितका मोठा तितकी ती कडक, आणि वाजवणाऱ्याची छाती तितकी मोठी असं मानायची पद्धत आहे. बाटल्यांच्या कारखान्याच्या बँडमध्ये साडेतीनची रीड वाजवणारे हे एकटेच. त्यामुळे त्यांचं नावच 'साडेतीन' पडलं होतं. शेजारी बसून अडीचवर वाजवणाऱ्याचं नाव अर्थातच 'अडीच'. रीड कुणी घरी न्यायची नाही, असा बँडमास्तरांचा दंडक होता. तालमीआधी, कार्यक्रमाआधी ते आपल्या पत्र्याच्या डबीतून ज्याची त्याला देत आणि वाजवून झालं की डबी पुढे धरून परत घेत.

आता मास्तर नव्वदीचे झाले होते. उरलेल्या सात वादकांनी जुन्या कँटीनच्या हॉलमध्ये त्यांना एक धून ऐकवायची ठरवली होती. त्या धुनेत क्लॅरिनेटच्या आठ ओळी एकट्याच्या होत्या, आणि त्या कायम साडेतीनच्याच. पण या वेळी मास्तरांनी निरोप धाडला होता: 'साडेतीनला दम पुरला नाही तर अडीच वाजवेल.' वर अडीचचाही फोन आला. "तू काही काळजी करू नकोस. माझी तयारी आहे." ही आपुलकी साडेतीनना अपमानापेक्षा जास्त झोंबली.

पार्सल आलं. जुन्या वेताच्या रीडऐवजी आता सिंथेटिक निघाली होती. ती भिजवावी लागत नाही, फुगत नाही, असं पाकिटावर लिहिलं होतं. साडेतीननी ते वाचलं आणि रीड दुपारभर पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवली.

"अहो, प्लास्टिक भिजून भिजून किती भिजणार?" बायकोनं विचारलं.

"तू बाटल्या तपासायचीस. बँडमधलं तुला काय कळतंय?"

हे खरं होतं. कारखान्यात तयार झालेली प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून तडा शोधण्याचं काम ती करायची. मधल्या सुट्टीत कँटीनमधून त्या आठ ओळी ऐकू येत. एका दुपारी त्या ऐकण्याच्या नादात तिनं तडा गेलेली एक बाटली पास केली. अख्ख्या नोकरीतली तेवढी एकच. नंतर वाजवणाऱ्याशी लग्नच झालं, त्यामुळे चौकशीचा प्रश्न आला नाही.

साडेतीननी रीड बसवली, डोळे मिटले आणि फुंकर मारली. आवाज आला नाही. नुसती हवा आली, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी. त्यांनी आणखी जोर लावला. चेहरा टोमॅटोसारखा झाला, कानाची पाळी हलली. पण क्लॅरिनेट ढिम्म. पाचव्या प्रयत्नाला समोरच्या नर्सबाई दम्याचा पंप घेऊन धावत आल्या.

"धाप कुणाला लागलीय? बसवा त्यांना आधी! खिडकी उघडा!"

"मी रियाज करतोय," साडेतीन कसेबसे म्हणाले.

"कसला?"

हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी जीव तोडून फुंकलं. या वेळी खालची कवळी जागा सोडून वर आली आणि रीडला चिकटली. नर्सबाईंनी रियाज थांबवून आधी रक्तदाब मोजला.

"बाबा, दोन नंबर घे ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"दोन? दोन शाळेतली पोरं वाजवतात! रीड आपली जरा तासून घ्यावी लागते, बस्स." आणि त्यांनी बायकोची नखं घासायची कानस घेतली. वेताची रीड तासली की नरम होते. सिंथेटिक रीडचं टोक कटकन तुटलं.

"दुसरी मागव," ते पडेल आवाजात म्हणाले. "साडेतीनच."

बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन मुलीला हळूच फोन केला. "दोनची मागव गं. पुढचं मी बघते." रीड आली तेव्हा तिनं छापलेला आकडा स्पिरिटनं पुसला आणि बरण्यांवर नावं घालायच्या पेननं त्या जागी '३½' असा आकडा घातला.

नवी रीड पहिल्याच फुंकरीला बोलली. आठही ओळी सरळ चालत आल्या. दाराआड उभ्या राहिलेल्या बायकोला कँटीनची ती लांब बाकं दिसली, पट्ट्यावरून किणकिणत जाणाऱ्या बाटल्या ऐकू आल्या. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते मात्र दिसलं नाही.

"बघितलंस? पहिली रीडच खराब निघाली होती," साडेतीन म्हणाले.

कार्यक्रमात आठ ओळी अशा गेल्या की अडीचनं आपली क्लॅरिनेट मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. धून संपताच मास्तरांनी तीच पत्र्याची डबी पुढे धरली. रीडवर वाजवणाऱ्यांनी निमूटपणे आपापल्या रीड तिच्यात टाकल्या. साडेतीनच्या रीडवरून मास्तरांनी अंगठा फिरवला, आणि थोड्या वेळानं साडेतीनच्या बायकोला बाजूला बोलावलं.

"सूनबाई, ही दोनची आहे. आकडा तुम्ही घातलात?"

"मास्तर, त्यांना सांगू नका. मोडून पडतील हो."

"मी कशाला सांगू?" मास्तरांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मी सात वर्षं साडेतीनची रीड ब्लेडनं तासून दोनची करून देत होतो त्याला. न तासलेली फुंकायचा जीव तोडून, पण आवाज निघायचा नाही. आकडा तेवढा खरवडला नाही कधी."

"आणि अडीचभावोजींची?"

"त्याची जशीच्या तशी. त्याला झेपायची."

मास्तरांनी रीड तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर साडेतीन बराच वेळ ती रीड न्याहाळत बसले. बायको पेले विसळत होती.

"तीनच्या आकड्याला अशी शेपटी फक्त तुझ्या बरण्यांवर असते," ते म्हणाले.

तिनं नळ बंद केला. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत ते?"

"वाजत होती ना." ते जरा हसले. "वय झालं, आलो दोनवर. त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हाची... तेव्हाची खरी साडेतीन होती. हो ना गं?"

तिनं हातातला पेला सवयीनं उजेडाकडे धरला, एकदा फिरवून बघितला आणि फळीवर ठेवला.

"होती तर," ती म्हणाली.

तडा गेलेली, तरी पास केलेली ही तिची दुसरी बाटली.