नाक्यापलीकडचा मुलूख पुसला गेला त्याची हकीकत

श्रीवाटमाउली साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष वद्य पंचमीपासोन एके राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्याचे दफ्तरी संगणकयंत्र होते आणि त्यात सकळ मुलखाचे रस्ते आणि वस्त्या मांडिल्या होत्या, आणि कोठून किती गाड्या कोठे जातील हे यंत्र बसल्या जागी सांगत असे. त्याचा कारभार राणोजी पाहात. ते आवडाबाईसाहेबांचे चिरंजीव. बाईसाहेबांस अक्षर सहीपुरते, जीभ मात्र धारेची, आणि मुलखाचे वळण न् वळण पायांस ठाऊक. मग महाराजांची आज्ञा जाहली की, राजधानीची गर्दी तेवढी पाहावी, अवघा मुलूख घेऊन यंत्र फार रेंगाळते. तेव्हा राणोजींनी पडद्यावर राजधानीभोवती रेघ ओढिली आणि आतला तुकडा निराळा कापिला, आणि रेघेने जेथे रस्ता तोडिला तेथे एकेक नाके बसविले. रीत ऐसी की, बाहेरची गावे जातात आणि तेथील माणसे नाक्यावरच उपजली ऐसे यंत्र धरिते. बाईसाहेब पाठीशी उभ्या होत्या.

"अरे, बहीण तुझी रेघेबाहेर राहिली की!"

"आईसाहेब, हा नुसता नकाशा आहे," म्हणोन राणोजी हासले, आणि तुकडा निराळ्या नावाने ठेवावा तो मूळ नकाशाचेच नावाने ठेविला. यंत्राने पुसले, जुने मोडू काय? राणोजींनी न वाचता होय म्हटले.

तिसरे दिवशी कन्या गिरजाबाई माहेरी आल्या त्या एकट्याच. आठ महिन्यांची लेक कडेवर नाही.

"पोर कोठे ठेवलीस?"

"कोणती पोर, आईसाहेब?"

"आलीस कोठून तू?"

"नाक्यावरून."

"आणि त्याआधी गं?"

गिरजाबाईंची चोळी दुधाने भिजली होती आणि का भिजली हे त्यांस उमजेना. मग बाईसाहेब तडक नाक्यावर गेल्या. दूधवाले येत होते, वऱ्हाडे येत होती, आणि ज्यास विचारावे तो म्हणे नाक्यावरून, आणि त्यांचे पाठीमागे रस्ता संपून कोऱ्या कागदासारखे पांढरे होते, आणि तिकडून वारादेखील येत नव्हता. बाईसाहेबांनी राणोजींस दंडास धरून तेथे आणिले, आणि गिरजाबाईही मागोमाग आल्या.

"ओढ मोठी रेघ! घे पोरीचे गाव आत!"

राणोजी म्हणाले, "ओढू कशावर, आईसाहेब? तुकड्यातून लहान तुकडा निघतो. बाहेरचे काही उरलेच नाही."

"तुझ्या डब्यात उरले नसेल. माझ्या पायात आहे."

बाईसाहेबांची जुनी चाल ऐसी की, लांब वाटेस जाता वळणागणिक पदरास एक गाठ मारावी आणि परतता एकेक सोडावी. नाक्याचे वळणास पहिली गाठ मारून त्या पांढऱ्यात शिरल्या, आणि पाऊल पडे तेवढाच रस्ता काळा दिसे, आणि पाऊल उचलताच मागला पुसला जाई. राणोजींनी हाका मारिल्या. प्रतिध्वनी आला नाही. मग दिवस कलता बाईसाहेब नाक्यातून बाहेर आल्या आणि त्यांचे कडेवर एक मूल होते.

"आईसाहेब, कोठून आलात?"

"नाक्यावरून. डोळे फुटले काय तुझे?"

"आणि ही कोण?"

बाईसाहेबांनी मुलीकडे पाहिले आणि फार वेळ पाहिले. "ठाऊक नाही. पण भुकेली आहे." आणि गिरजाबाईंकडे वळून म्हणाल्या, "चोळी भिजवून उभी काय राहिलीस? घे तिला!"

गिरजाबाईंनी परक्याचे मूल घ्यावे तैसे घेतले, आणि मूल पदराखाली शिरून ओळखीचे असल्यासारखे निवांत प्याले.

एवंच, मुलूख गेला तो गेला. मुलगी वाचली, तिचे नाव नवे ठेविले. बाईसाहेबांचे पदरास एक गाठ शिल्लक आहे. ती कशाची हे त्यांस सांगता येत नाही, आणि कोणी सोडावयास गेल्यास त्याचा हात झिडकारतात.