दहा मिनिटं की तासभर

अण्णांच्या म्हाताऱ्या घोडीची पाठ धरली, तेव्हा लेकीने फोनवरच निकाल देऊन टाकला. "बाबा, पंधरा दिवसांत ती नीट चालली नाही, तर तिला म्हाताऱ्या घोड्यांच्या आश्रमात पाठवू, आणि तुम्ही माझ्याकडे या."

घोडीला अण्णा 'बाईसाहेब' म्हणत. बायको गेल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. (बाईसाहेबांना तरी कुठे हौस होती! पण तबेल्याची कडी बाहेरून होती.)

उपाय दोन होते. हाडवाला मणके जागेवर बसवून दहा मिनिटांत निघून जाई. मालिशवाली तासभर अंग चोळी, तेही आठवड्यातून दोनदा. अण्णांनी घोडीला विचारलं नाही. दहा मिनिटं कुठे आणि तास कुठे! त्यांनी दोन खुर्च्या पुसल्या, चहा टाकला आणि काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं.

मालिशवाली आल्या आल्या म्हणाली, "काका, गप्प बसायचं. बोललं की जनावर अंग चोरतं."

अण्णा तासभर गप्प बसले. दोन्ही कप चहा त्यांनीच प्यायला.

"डावा खांदा दगड झालाय," ती हात पुसत म्हणाली. "हिच्यावर रेलून कोण उभं राहतं?"

"कुणी नाही."

"मग तुमच्या बाहीवर केस कुणाचे?"

अण्णा ओशाळले. "सकाळी जरा बोलतो तिच्याशी."

"जरा म्हणजे?"

"जेवणापर्यंत."

"बंद! पंधरा दिवस कुंपणाच्या बाहेरून बोला."

अण्णा कुंपणाबाहेर उभे राहून घसा फोडत राहिले. बाईसाहेब चरत चरत पार पलीकडच्या टोकाला गेल्या.

पंधराव्या दिवशी लेक आली. गाडी बंद न करताच तिने पाहिलं, घोडी दुडक्या चालीने धावत होती. "झकास! राहू दे तिला," म्हणाली आणि गेली. तिला हात करायला अण्णा वळले, आणि त्यांची पाठ धरली. पंधरा दिवस रेलायला कुणी नव्हतं ना!

कसाबसा त्यांनी हाडवाल्याला फोन लावला. तो आला. "काका, मी फक्त घोडे बघतो."

"नको बघूस रे. दहा मिनिटं बस तरी."

हाडवाला बसला. चांगला दोन तास बसला. आपली सासू कशी आहे ते त्याने इतकं सविस्तर सांगितलं, की अण्णांना 'हूं' म्हणायलासुद्धा जागा मिळाली नाही.